सोलापुरातून एका दिवसात गाडीने: नान्नजचं माळरान बघायला जावं का?

वैशाली_ज
नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात नणंद आणि तिची दोन मुलं ठाण्याहून येतायत. सिद्धेश्वर मंदिर, भुईकोट, तुळजापूर, अक्कलकोट सगळं दाखवून झालंय. या वेळी भाच्याचं फर्मान आहे, "मामी, नॅशनल पार्क दाखव." आता सोलापुरात नॅशनल पार्क कुठून आणू? गाडी साधी हॅचबॅक, चालवणार आमचे हे. सासूबाई बहात्तरच्या, गुडघ्याचा त्रास आहे, पण घरी थांबायला तयार नाहीत. सकाळी निघून रात्री जेवायला परत यायचं आहे. नान्नजचं माळढोक पक्ष्याचं अभयारण्य इतकं जवळ असून कधी गेलेच नाही. तिथं माळढोक दिसतो का हो? का नुसतंच गवत आहे? खरं सांगा.

निवांत_नागेश
ताई, खरं सांगायचं तर गवतच. बार्शीला येता-जाता कायम बघतो. मुलं दहा मिनिटांत मोबाईल काढतील. त्यापेक्षा नळदुर्गला जावा की. किल्ला लई भारी, पाणी महाल बघून मुलं खूश होतील, नर-मादी धबधबा पण आहे.

स्टेअरिंग_सम्राट
नागेशराव, डिसेंबरात नर-मादी धबधबा कुठला वाहतोय? बोरी नदीवरचा तो बंधारा पावसाळ्यात भरून सांडला की मगच पडतो. तेवढं पाणी आलं तर अख्खा जिल्हा तिथं लोटतो, गाडी लावायला जागा मिळत नाही. किल्ला मात्र बारा महिने बघण्यासारखा, त्यात वाद नाही.

नॅशनल पार्कचं म्हणाल तर महाराष्ट्रात राष्ट्रीय उद्यानं सहाच. ताडोबा, पेंच, नवेगाव, गुगामल ही चार विदर्भात, बोरिवलीचं संजय गांधी, आणि २००४ साली जाहीर झालेलं चांदोली. आपल्याला त्यातल्या त्यात जवळचं चांदोली. मंगळवेढा, सांगोला, मिरज, सांगली, इस्लामपूर, शिराळा करत वारणावतीला पोचायचं, म्हणजे एका बाजूला अडीचशेच्या पुढे किलोमीटर. जाऊन-येऊन स्टेअरिंगवरच दिवस संपेल. मुक्काम असेल तर जरूर जा, जंगल म्हणजे काय ते तिथं कळतं. एका दिवसात सासूबाईंना घेऊन नको.

भाच्याला बोरिवलीचं जंगल घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. त्याला झाडं दाखवून काय उपयोग?

पुण्यातली_सोलापूरकर
भिगवण सुचवू का? उजनीच्या पाण्यात रोहित पक्षी येतात. कुंभारगावातून होडीने नेतात, सासूबाईंनाही बसल्या जागी सगळं दिसेल. पुणे हायवेने साधारण दीडशे किलोमीटर. पण पहाटे चारला निघावं लागेल, आणि हिवाळा अर्धा सरल्याशिवाय गर्दी जमत नाही. पक्ष्यांची म्हणतेय, माणसांची तर कायमच असते.

माळावरची_टिटवी
वैशालीताई, नान्नजला नक्की जा. पण घरातून निघतानाच मुलांना सांगा की आपण माळढोक बघायला चाललेलो नाही. हे एवढं केलंत की निम्मी सहल जिंकलीत. बाकी लोक तिथून तोंड पाडून येतात ते याच कारणाने: पाटीवर माळढोक, डोक्यात माळढोक, आणि समोर मैलभर पिवळं गवत.

माळढोकाचं जे आहे ते आहे. जगात शे-दीडशेच्या आसपास उरलेत, बहुतेक सगळे जैसलमेरकडे. नान्नजला अलीकडच्या वर्षांत नोंद झाली तर एखाद-दुसऱ्याची. मीटरभर उंच, नर १५ किलोपर्यंत भरतो. उडणाऱ्या पक्ष्यांत एवढं वजन फार थोड्यांचं. मादी वर्षाला बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. कुत्र्याने, मुंगसाने खाल्लं की त्या वर्षाचा हिशेब संपला. त्यात त्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना, समोरचं नीट दिसत नाही. एवढ्या वजनाचा पक्षी विजेची तार अगदी जवळ आल्यावर वळणार कसा? राजस्थान-गुजरातमधल्या तारा जमिनीखाली घाला, हा सर्वोच्च न्यायालयाचा २०२१ चा आदेश याच कारणाने गाजला. पुढे २०२४ मध्ये तो सौम्य करण्यात आला.

आता तुम्हाला काय दिसेल ते सांगते. काळवीट जवळजवळ नक्की. काळा-पांढरा नर, पीळदार शिंगं, मागे बिनशिंगी बदामी माद्यांचा कळप. मुलांना एक काम द्या, नर कुठं उभा राहतो आणि लेंड्यांचे ढीग कुठं आहेत ते शोधायला लावा. ढीग म्हणजे त्याच्या हद्दीची खूण, रोज तिथंच येऊन टाकतो. दुसरा नर त्या रेषेवर आला की दोघं मान ताठ करून समांतर चालत राहतात, मारामारी क्वचितच होते. हे बघायला लागलं की मोबाईल आपोआप खाली ठेवला जातो, स्वतः पाहिलंय.

मग पक्षी. तारेवर नीलपंख आणि खाटीक, जमिनीवर माळटिटवी, धाविक, नाना तऱ्हेचे चंडोल. धाविक चार पावलं पळतो, थांबतो, पुन्हा पळतो. थांबला की मातीत असा मिसळतो की बोट दाखवूनही शेजारच्याला दिसत नाही. कापशी घार हवेत एका जागी पंख मारत थांबलेली दिसेल, खाली उंदीर असतो. संध्याकाळी भोवत्ये येतात. हे शिकारी पक्षी मध्य आशियातून हिवाळ्याला आपल्याकडे येतात, दिवसभर माळावरचे नाकतोडे आणि उंदीर टिपतात आणि मावळतीला गवतातच, जमिनीवर, एकत्र रात्र काढायला उतरतात. एकेक करून घिरट्या घालत उतरताना बघायचे. त्यासाठी जंगल लागत नाही, उलट जंगल असेल तर ते येणारच नाहीत.

लांडगा, खोकड दिसले तर नशीब. खोकड कोल्ह्याहून बारीक, शेपटीचं टोक काळं.

वेळ: डिसेंबरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो. सव्वासहाला घर सोडा. बार्शी रस्त्याने नान्नज वीस-बावीस किलोमीटर, उजाडताना पोचाल. नऊ-साडेनऊला ऊन चढलं की जनावरं सावली धरतात आणि माळ खरंच रिकामा वाटतो. नागेशरावांसारखी मंडळी नेमकी तेव्हाच तिथून जातात. :)

निवांत_नागेश
टिटवीताई, टोमणा पोचला. दुपारी बारालाच जातो मी, दुकान उघडून माल घ्यायला.

वैशाली_ज
टिटवीताई, किती छान लिहिलंत! परवानगी वगैरे लागते का? आणि सासूबाईंचं कसं?

माळावरची_टिटवी
परवानगी लागतेच. वन्यजीव विभागाच्या नान्नज कार्यालयात आधी चौकशी करा, शुल्क तिथंच भरायचं. शनिवार-रविवार असेल तर आदल्या दिवशीच विचारून ठेवा. गावातला माहितगार माणूस बरोबर घ्या, पैसे वसूल होतात. तुम्हाला ढेकूळ दिसतं तिथं त्याला ससा दिसतो.

सासूबाईंना गाडीतच बसू द्या. निरीक्षण मनोऱ्यावर चढायला गुडघे हवेत, पण गाडी हीच उत्तम लपण आहे. पायी माणूस दिसला की काळवीट पळतो, उभी गाडी असली तर चरत राहतो. इंजिन बंद, काचा खाली, बोलणं हळू. दुर्बीण एक तरी न्या, नसेल तर मागून आणा. पाणी भरपूर, नाश्ता घरून, कारण आत काही मिळत नाही. स्वच्छतागृहाची सोय निघण्याआधी आणि वनविभागाच्या विश्रामगृहापाशी, मध्ये कुठं नाही. लाल-पिवळे स्वेटर टाळा.

आणि मुलांना मोजे घालून गवतात सोडू नका. कुसळी नावाचं गवत असतं, त्याची कुसळं कापडात घुसतात आणि संध्याकाळपर्यंत काढत बसावं लागतं. तरी एखादं कुसळ घरी आणाच. ओल्या बोटाने धरा, पीळ सुटून ते गरागरा फिरायला लागतं. वाळलं की परत पीळ घेतं. असंच फिरत फिरत बी जमिनीत शिरतं. वणव्यात वरचं गवत जळालं तरी बी खाली शाबूत.

द्राक्षवाला
राम राम. मी नान्नजच्या जवळचाच. एवढं कौतुक चाललंय तर आमची बाजू पण ऐका.

१९७९ ला अभयारण्य जाहीर झालं तेव्हा क्षेत्र किती होतं माहितीय का? ८,४९६ चौरस किलोमीटर. त्यात गावं, रस्ते, बागायत, तालुक्याची ठिकाणं, सगळं. सोलापूर आणि नगर दोन्ही जिल्ह्यांत पसरलेलं. जमिनीचा व्यवहार करायचा म्हटलं की अडचण, विहीर-रस्ता काढायचा म्हटलं की अडचण. शेवटी ते कमी करून १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं, पण मधली तीस वर्षं लोकांनी त्या पक्ष्याच्या नावाने बोटं मोडली. पक्ष्याचा काय दोष त्यात, पण राग कुणावर काढणार?

आणि हरणं. तुम्हाला बघायला छान वाटतात. मूग, उडीद उगवून आला की रात्रीत शेंडे साफ. ज्वारीचा कोंबही सोडत नाहीत. भरपाईला पंचनामा, फोटो, सातबारा, हेलपाटे. मिळते, नाही असं नाही, पण उशिरा.

तरी पण सांगतो, आमच्या भागात हरणाला कुणी हात लावत नाही. आज्जा सांगायचा, माळढोक रानात फिरला की टोळ खातो, फिरू द्यावं. आज्ज्याने पाहिलेत, माझ्या वाट्याला लहानपणी लांबून एकदा. मान वर करून चालला होता, जसा काही सातबारा त्याच्याच नावावर आहे.

मास्तर_निवृत्त
द्राक्षवाले, चांगलं लिहिलंत. थोडी भर घालतो. सत्तरच्या दशकात सोलापूरचे निसर्गअभ्यासक बी. एस. कुलकर्णी यांनी या माळढोकांकडे सगळ्यांचं लक्ष वेधलं. त्याच काळात अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमातून माळाचे काही तुकडे चराईला बंद करून गवत वाढवलं होतं, आणि पक्षी तिथं टिकला होता. दुष्काळाच्या कामातून पक्ष्याला आसरा मिळाला.

मग उजनी झालं, कालवे आले, ऊस आला. पाण्यावाचून तडफडलेल्या माणसाने ऊस लावला तर त्याला नावं ठेवायचा मला तरी हक्क वाटत नाही. पण मुरमाड माळ नांगरला की गवत गेलं, आणि गवताबरोबर त्यावर जगणारं सगळं गेलं. माळढोकाला राष्ट्रीय पक्षी करा, असं सलीम अलींचं म्हणणं होतं. १९६३ मध्ये मान मोराला मिळाला.

अवांतर: नान्नजला जाताय तर हेही मुलांना सांगा की ‘सोनाका’ द्राक्षाची जात याच गावची. नानासाहेब काळे या शेतकऱ्याने थॉमसन सीडलेसमधून निवडून काढलेली. ‘शरद सीडलेस’ हे काळं द्राक्षही तिथलंच. प्रयोगशाळेतून नाही, बांधावरून आलेल्या जाती आहेत या.

द्राक्षवाला
मास्तर, लाख बोललात! पण डिसेंबरात घडात साखर भरलेली नसते, फेब्रुवारी-मार्चला या. आत्ता आलात तर हुरडा खायला या. मालदांडीचा. शेंगाची चटणी आणि दही आमच्याकडून.

झाडे_लावा_जगवा
सगळं वाचलं. एक प्रामाणिक प्रश्न. हा सगळा माळ उघडाबोडका पडलाय, ऊन तर विचारू नका. आमचा ग्रुप दर पावसाळ्यात वृक्षारोपण करतो. इथं पाच-दहा हजार झाडं लावली तर जनावरांना सावली, पाऊसही वाढेल. वनविभागाने परवानगी का देऊ नये?

माळावरची_टिटवी
दादा, तुमच्या उत्साहाला नमस्कार, पण कृपा करून इथं नको. माळ उघडा आहे म्हणूनच तिथं हे सगळं राहतं. काळवीट धोका लांबून बघून पळतो, झाडोऱ्यात त्याला लांडगा दिसणारच नाही. माळढोक तर चहूकडे मोकळं दिसलं तरच वावरतो. धाविक, माळटिटवी, चंडोल जमिनीवर अंडी घालतात, त्यांना झाड म्हणजे कावळ्याला टेहळणीची जागा. पूर्वी बऱ्याच माळांवर गिरिपुष्प, सुबाभूळ लावली गेली, हेतू चांगलाच होता, पण त्याखाली पवन्या-मारवेलसारखं गवत उरलं नाही.

सोलापूरचा हा पट्टा पर्जन्यछायेत. वर पातळ मुरूम, खाली बेसॉल्ट. इथं निसर्गानं गवत, बोर, हिवर एवढंच ठेवलंय आणि ते पुरे आहे. झाडं लावायची तर विजापूर रोडला, शाळांच्या आवारात, रस्त्याकडेला लावा ना. आपल्या शहराला सावलीची गरज आहे, तुमच्याबरोबर खड्डे खणायला मी येते.

झाडे_लावा_जगवा
म्हणजे झाड लावणं वाईट? नवीनच ऐकतोय. बरं, सरकारी कागदावर हा माळ पडीक म्हणूनच आहे ना?

मास्तर_निवृत्त
कागदावर गायरान, पोटखराबा, पडीक, काय काय असतं. मेंढपाळाला विचारा, तो त्याच पडीकावर पिढ्यानपिढ्या मेंढरं जगवतो. आणि लांडगाही त्याच मेंढरांच्या मागे जगतो. एखादं मेंढरू गेलं की धनगर शिव्या घालतो, पण लांडगा मारायला निघत नाही सहसा. वाघाच्या जंगलात असली बिनकुंपणाची ओळख बघायला मिळणार नाही.

लेन्स_किंग
लांडग्याचं ऐकून आलो. भावांनो, घळ कुठं आहे तेवढं नेमकं लोकेशन टाका की. पिल्लांचे फोटो पाहिजेत. गाडी फोर बाय फोर आहे, कुठंही जाईल.

माळावरची_टिटवी
नाही.

स्टेअरिंग_सम्राट
नाही. आणि फोर बाय फोर आहे म्हणून गवतात घालायची नसते, वाट सोडून चाक गेलं की खाली कुणाची तरी अंडी असतात. मागच्या हिवाळ्यात एका माळावर तीन गाड्या एका लांडग्याला दोन्ही बाजूंनी दामटत होत्या. एवढ्या फोटोंपायी जनावर धापा टाकत होतं. तुम्ही तसे नसाल, पण लोकेशन एकदा टाकलं की तसे लोकही येतात.

लेन्स_किंग
ठीक आहे, रागावू नका. रीतसर काही सोय आहे का मग?

पुण्यातली_सोलापूरकर
आहे. पुणे वनविभागाने इंदापूरजवळ कडबनवाडी आणि बारामतीकडे शिर्सुफळ इथं गवताळ सफारी सुरू केलीय, ऑनलाइन नोंदणी करून जायचं. कडबनवाडीला चिंकारा दिसतो. फक्त काळवीट पुरेसा असेल तर कर्जत तालुक्यातलं रेहेकुरी अभयारण्य आहे, १९८० चं, क्षेत्र जेमतेम २.१७ चौरस किलोमीटर.

वैशाली_ज
मंडळी, जाऊन आलो! सगळ्यांना धन्यवाद, विशेषतः टिटवीताईंना.

निघायला पावणेसात झाले (सासूबाईंची पूजा). तरी काळवीट पहिल्या अर्ध्या तासात दिसले, मोठा कळप होता. एक नर उगीचच उड्या मारत गेला, चारही पाय हवेत. भाची ओरडली आणि सगळे गेले, मग तिला दादाने दम दिला. नंतर दोघंही इतकी गप्प बसली की त्यांच्या आईने काढलेला फोटो त्या शांततेचाच आहे.

माहितगार दादांनी धाविक दाखवला. मला दिसलाच नाही, सासूबाईंना दिसला! म्हणाल्या, "अगं लहानपणी आमच्या वावरात असायचे की हे." मग त्यांनी ज्वारीवर पडणाऱ्या भोरड्या पक्ष्यांच्या गोष्टी सुरू केल्या. ज्वारी हुरड्यात आली की पहाटे मचाणावर चढून गोफण फिरवायच्या म्हणे. नणंदेला हे कधीच माहीत नव्हतं. आईला सोलापुरी साड्यांपलीकडे कधी काही विचारलंच नाही, म्हणाली.

दहाला ऊन तापलं तसे निघालो. द्राक्षवाले दादांकडे हुरडा खाल्ला, पोटभर. मार्डीला यमाईचं दर्शन घेतलं, दुपारी घरी येऊन झोपलो आणि चारला तुळजापूर रस्त्याच्या हिप्परगा तलावावर. पाणवठ्यावर वारकरी, थापट्या, चक्रवाक हे पाणपक्षी होते, भाच्याने पुस्तकात बघून ओळखले. भोवत्यांसाठी परत नान्नजला जायचं राहिलं, एका दिवसात दोन्ही संध्याकाळी होत नाहीत.

भाचा म्हणतो हे नॅशनल पार्क नाही, पण "चालेल".

निवांत_नागेश
"चालेल" म्हणजे ठाण्याच्या पोराकडून मोठीच शाबासकी. मी पण एकदा सकाळी जाईन म्हणतो. दुकान उशिरा उघडू.

माळावरची_टिटवी
सासूबाईंच्या गोष्टी लिहून ठेवा ताई, गंमत म्हणून नाही. कुठल्या गावच्या वावरात, कुठल्या साली, कुठले पक्षी, याला किंमत आहे.

गावाकडची_ओढ
धागा उशिरा वाचला. आम्ही जुलैत सुट्टीवर येतोय. तेव्हा गेलं तर चालेल का? हिरवं असेल ना?

माळावरची_टिटवी
पाऊस झाला तर हिरवं, सुंदर. चंडोल गात असतात, माळपक्ष्यांचा विणीचा काळ असतो, म्हणूनच जपून. त्या दिवसांत आत सोडतात की नाही ते कार्यालयात विचारूनच या, आणि नाही म्हणाले तर हुज्जत घालू नका. सप्टेंबर-ऑक्टोबरला येता आलं तर बघा, गवत कमरेएवढं आणि सोनेरी झालेलं असतं.

द्राक्षवाला
आणि जुलैत आलातच तर डांबरी सोडून काळ्या रानातल्या वाटेवर गाडी घालू नका. चाक रुतलं की ट्रॅक्टर बोलवावा लागतो, आणि ट्रॅक्टरवाला त्या दिवसांत पेरणीवर असतो.